ऑटो मोड सोडताय? नागपूरच्या उन्हात एक्सपोजर असं शिका

नवा कॅमेरा हातात आला की सुरुवातीचे दिवस ऑटो मोडवर मजेत जातात. मग खटकायला लागतं. दीक्षाभूमीचा पांढराशुभ्र स्तूप फोटोत मळकट राखाडी दिसतो. मारबतीच्या मिरवणुकीत ढोल वाजवणाऱ्याचे हात पुसट येतात. फुटाळा तलावावर मावळतीचा रंग डोळ्यांना भरून दिसतो आणि फोटोत आकाश पांढरंफटक. कुणाला विचारलं की एकच उत्तर मिळतं: मॅन्युअलवर जा, म्हणजे सगळे आकडे स्वतः लावा.

माझा सल्ला उलटा आहे. मॅन्युअल शेवटी. आधी कॅमेरा उजेड कसा मोजतो आणि तो कुठे फसतो हे समजून घ्या. मी याच शहरात, याच उन्हात शिकले, आणि नव्याने शिकणाऱ्यांना अडखळताना पाहते तेव्हा त्यांची अडचण जवळजवळ नेहमी इथेच असते. अ‍ॅपर्चर, शटर आणि आयएसओ या तीन आकड्यांच्या व्याख्या त्यांना पाठ असतात, पण फोटो काळा का आला ते सांगता येत नाही.

१. जवळ काय हवं

- कुठलाही डीएसएलआर किंवा मिररलेस कॅमेरा. सोबत मिळणारी १८-५५ एमएमची किट लेन्स शिकायला पुरेशी आहे.
- कॅमेऱ्याची माहितीपुस्तिका. कंपनीच्या वेबसाइटवरून पीडीएफ उतरवून फोनमध्ये ठेवा.
- चार्ज केलेली बॅटरी, रिकामं कार्ड, मऊ सुती कापड.
- रात्रीसाठी ट्रायपॉड. नसेल तर पुलाचा कठडा किंवा दगडावर ठेवलेली पिशवी चालते.

नवी लेन्स, फिल्टर, फ्लॅश यांवर इतक्यात पैसे घालू नका. काय कमी पडतंय ते आधी कळू द्या. कॅमेरा नसेल तर फोनचा प्रो मोड उघडा. बहुतेक फोनमध्ये अ‍ॅपर्चर ठरलेलं असतं, म्हणून तिथे शटर आणि आयएसओ हे दोनच आकडे हाताळायला मिळतात. बाकी सगळं इथल्यासारखंच.

२. घरीच बसून एकदा करायची सेटिंग

- मोड डायल ‘ए’ वर न्या. कॅननवर तेच ‘एव्ही’ असतं. यात अ‍ॅपर्चर तुम्ही ठरवता, शटर कॅमेरा लावतो.
- ऑटो आयएसओ चालू करा. कमाल मर्यादा ३२०० किंवा ६४००, आणि किमान शटर स्पीड १/१२५ (जुन्या काही कॅमेऱ्यांत ही दुसरी सोय नसते).
- मीटरिंग, म्हणजे उजेड मोजायची पद्धत, पूर्ण चौकटीचं ठेवा. निकॉनमध्ये त्याला मॅट्रिक्स म्हणतात, कॅननमध्ये इव्हॅल्युएटिव्ह.
- फाइल रॉ आणि जेपेग दोन्ही. थोडा चुकलेला उजेड रॉमध्ये बऱ्यापैकी सावरता येतो.
- एक्सपोजर कॉम्पेन्सेशनचं बटण शोधा. त्यावर अधिक-उणेची खूण असते, आणि कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड त्याने कमीजास्त करता येतो. न बघता बोट तिथे गेलं पाहिजे, कारण पुढचा निम्मा लेख याच बटणाबद्दल आहे.

३. तीन आकडे, पण माप एकच: स्टॉप

अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधलं छिद्र, शटर स्पीड म्हणजे सेन्सरवर उजेड किती वेळ पडला, आणि आयएसओ म्हणजे आलेला उजेड किती वाढवून दाखवायचा. तिघांची एककं वेगळी, म्हणून गोंधळ होतो. तो मिटवतो स्टॉप. एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा.

शटर: १/६०, १/१२५, १/२५०, १/५००. प्रत्येक पायरीला उजेड निम्मा.
आयएसओ: १००, २००, ४००, ८००, १६००. प्रत्येक पायरीला फोटो दुप्पट उजळ.
अ‍ॅपर्चर: एफ २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६. प्रत्येक पायरीला उजेड निम्मा.

अ‍ॅपर्चरचे आकडे विचित्र वाटतात, कारण ते लेन्सची फोकल लेंग्थ (१८ किंवा ५५ हा एमएमचा आकडा) भागिले छिद्राचा व्यास असे निघतात. व्यास १.४ पट झाला की क्षेत्रफळ दुप्पट होतं, म्हणून पायरी १.४ पटीची. आकडा लहान तर छिद्र मोठं, तेही याचमुळे.

एक उदाहरण हातात कॅमेरा घेऊन करा. महालातल्या एखाद्या गल्लीत दिवेलागणीला एफ ५.६, १/६०, आयएसओ ८०० वर उजेड बरोबर येतोय, पण चालणारा माणूस हलतोय. १/२५० हवं. १/६० वरून १/१२५, मग १/२५०: दोन स्टॉप उजेड गेला. किट लेन्स ५५ वर एफ ५.६ पेक्षा जास्त उघडत नाही, म्हणजे अ‍ॅपर्चरकडून काही मिळणार नाही. उरला आयएसओ: ८०० वरून १६००, मग ३२००. झाला हिशेब. हा सवयीचा झाला की पुढचं सगळं सोपं जातं, म्हणून पहिला आठवडा यावरच घालवलात तरी चालेल.

४. अ‍ॅपर्चर: मागचं किती धूसर हवं

एफ १.८ किंवा २.८ ला चेहरा स्पष्ट आणि मागचं धूसर. एफ ८ किंवा ११ ला जवळचं-लांबचं बरंचसं स्पष्ट. एकट्याचा फोटो जितक्या उघड्या छिद्रावर जमेल तितका घ्या, निसर्गदृश्य आणि इमारती एफ ८ वर.

सापळे दोन. घरच्या कार्यात दोन ओळींत माणसं उभी असतात आणि कुणीतरी नव्या ५० एमएम लेन्सवर एफ १.८ लावून फोटो काढतो. पुढची ओळ स्पष्ट, मागे उभ्या असलेल्या आजी-आजोबांचे चेहरे पुसट. समूहाला एफ ५.६ च्या खाली जाऊ नका. दुसरा सापळा उलटा: सगळंच स्पष्ट हवं म्हणून थेट एफ २२. इतक्या बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो आणि पूर्ण फोटोच किंचित मऊ पडतो. एफ ११ ला थांबा.

आणि किट लेन्सचं एक लक्षात ठेवा. १८ वर ती एफ ३.५ पर्यंत उघडते, ५५ वर फक्त ५.६ पर्यंत. झूम केल्यावर सव्वा स्टॉपपेक्षा थोडा जास्तच उजेड जातो. संध्याकाळी झूम करण्याऐवजी दोन पावलं पुढे जा.

५. शटर: दोन वेगळ्या हालचाली

फोटो हलला म्हणतो तेव्हा आधी बघायचं, काय हललं? सगळंच पुसट असेल तर तुमचा हात हलला. भिंत स्पष्ट आणि माणूस पुसट असेल तर माणूस हलला. उपाय वेगवेगळे आहेत.

हातासाठी जुना नियम चालतो: शटर किमान १ भागिले फोकल लेंग्थ. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यात त्याला दीडने गुणा, म्हणजे ५५ एमएमला साधारण १/८०. लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन असेल तर याहून बरंच खाली जाता येतं. पण स्टॅबिलायझेशन तुमचा हात सावरतं, समोरचं पळणारं पोर नाही.

समोरच्या हालचालीसाठी माझे सुरुवातीचे आकडे (हे ‘एस’ मोडवर लावा, जिथे शटर तुम्ही ठरवता; कॅननवर तोच ‘टीव्ही’):

- शांत उभा माणूस: १/१२५
- रस्त्यावर चालणारे: १/२५०
- लेझीम, ढोल, पळणारी मुलं: १/५०० किंवा १/१०००
- उडणारा पक्षी: १/२०००
- उड्डाणपुलावरून गाड्यांच्या दिव्यांच्या रेषा: ट्रायपॉडवर ५ ते १० सेकंद

ढोलाच्या फोटोत टिपरू थोडं पुसट आणि चेहरा स्पष्ट असेल तर वाजवण्याचा जोर दिसतो. म्हणून मी तिथे मुद्दाम १/१२५ च्या आसपास राहते आणि भरपूर फोटो काढते, कारण त्यातले बरेच वाया जाणारच असतात.

६. आयएसओला घाबरू नका

जुन्या रेडिओचा आवाज वाढवला की खरखरही वाढते, तसंच आयएसओचं. पण खरखर असलेला स्पष्ट फोटो वापरता येतो, हललेला फोटो कशानेच दुरुस्त होत नाही. नवखे लोक ‘आयएसओ १०० च चांगला’ हे धरून बसतात आणि लग्नाच्या हॉलमध्ये १/१५ वर सगळे फोटो हलवतात. भर उन्हात १००, सावलीत ४००, घरात १६०० किंवा ३२००. आणखी एक, कमी आयएसओवर काळा आलेला फोटो नंतर संगणकावर उजळ केला तर बहुतेक वेळा आधीच आयएसओ वाढवून घेतलेल्या फोटोपेक्षा जास्त खरखर दिसते.

७. मीटर कुठे फसतो

इथे थांबून वाचा.

कॅमेऱ्यातला मीटर वस्तूवर किती उजेड पडतोय हे मोजत नाही. वस्तूवरून परत किती येतोय हे मोजतो. समोर पांढरं आहे की काळं, हे त्याला ठाऊक नसतं. म्हणून तो धरून चालतो की चौकटीतलं सगळं मिळून सरासरी मध्यम राखाडी आहे, आणि त्याप्रमाणे आकडे लावतो. नव्या कॅमेऱ्यांत चेहरे ओळखण्यासारख्या युक्त्या आहेत, पण मूळ कल हाच.

नागपूरकराला हे समजायला पोळ्याच्या दुसऱ्या दिवसासारखा दिवस नाही. तान्ह्या पोळ्याला काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे त्या रंगांचे मोठे पुतळे, मिरवणुकीने निघतात. समजा ऊन स्वच्छ आहे आणि दोन्ही त्याच रस्त्यावर, त्याच उन्हात आहेत. काळ्या मारबतीने चौकट भरली की मीटरला वाटतं, उजेड फार कमी आहे. तो शटर हळू करतो आणि काळा रंग धुरकट राखाडी होतो, शेजारच्या माणसांच्या पांढऱ्या शर्टांवरच्या चुण्या नाहीशा होतात. पिवळ्या मारबतीने चौकट भरली की उलटं: पिवळा रंग मध्यम राखाडीपेक्षा उजळ, म्हणून मीटरला वाटतं उजेड जास्त आहे, आणि तो फोटो काळपट करतो. झळाळता पिवळा मातकट होतो. दोघींवर पडणारा उजेड तर एकच होता! म्हणजे आकडेही एकच हवे होते.

इथे कॉम्पेन्सेशनचं बटण कामी येतं. काळ्या मारबतीला −१ स्टॉपच्या आसपास, पिवळीला +०.३ ते +०.७. दीक्षाभूमीच्या स्तूपाने चौकट भरली असेल तर +१. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला पांढऱ्या कपड्यांतली गर्दी टिपताना साधारण तेवढंच. (स्तूपाच्या आत कॅमेरा काढण्याआधी तिथल्या लोकांना विचारा.) ‘पांढऱ्याला अधिक, काळ्याला उणे’ एवढं आठवलं तरी बरेच फोटो वाचतात.

पण या नियमालाही एक फट आहे, आणि ती अंबाझरी तलावाच्या काठावर सापडते. गडद पाण्यात लांबवर एक बगळा उभा आहे. पांढरा पक्षी, म्हणून तुम्ही +१ दिलं, आणि बगळ्याच्या जागी कागद फाटल्यासारखा पांढरा ठिपका आला. एक पीस दिसत नाही. कारण चौकटीत बगळा इवलासा आहे, बाकी सगळं काळं पाणी. मीटरने पाणी मोजलं आणि फोटो आधीच उजळ केला होता. इथे −१ हवं होतं. तोच बगळा जवळ येऊन चौकटभर झाला तर पुन्हा +१. म्हणून वस्तूचा रंग बघून थांबू नका. चौकटीत जास्त जागा कशाने व्यापली आहे, आधी ते बघा.

मावळतीचंही हेच गणित. फुटाळ्यावर सूर्याच्या बाजूने कॅमेरा धरला की काठावरची माणसं काळी दिसणार. आकाशाचा रंग हवा असेल तर −१ किंवा −१.५ देऊन माणसांच्या आकृत्या काळ्याच ठेवा. माणसांचे चेहरे हवे असतील तर +१ द्या आणि आकाश जाऊ द्या. दोन्ही एकाच साध्या फोटोत मिळत नाहीत, काय हवं ते आधी ठरवा. सूर्य वर असताना झूम लेन्स लावून डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमधून त्याच्याकडे अजिबात बघू नका, डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. स्क्रीनवर बघा.

सापळा: काल संध्याकाळी दिलेलं −१.५ कॅमेरा विसरत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे फोटो काळे. कॅमेरा पिशवीत ठेवताना कॉम्पेन्सेशन शून्यावर आणायची सवय लावून घ्या.

८. स्क्रीनवर विश्वास नको, हिस्टोग्राम बघा

मे महिन्यातल्या दुपारी स्क्रीनवर काहीच धड दिसत नाही. फोटो काळा वाटतो, म्हणून माणूस तो उजळ करत जातो आणि घरी आल्यावर कळतं की आकाश जळून गेलंय, म्हणजे तपशील जाऊन नुसतं पांढरं उरलंय. रात्री उलटं होतं: अंधारात स्क्रीन झगझगीत वाटते आणि फोटो काळपट येतात.

हिस्टोग्राम म्हणजे फोटोत किती भाग काळा आणि किती उजळ आहे ते दाखवणारा आलेख. त्यात डावीकडे काळोख, उजवीकडे पांढरं. आलेख उजव्या भिंतीला चिकटून उभा असेल तर तिथला तपशील गेला. डोंगराचा आकार मध्येच असला पाहिजे असं काही नाही. काळ्या मारबतीचा आलेख डावीकडेच झुकणार, आणि तेच बरोबर. जळलेला भाग लुकलुकून दाखवणारी हायलाइट सूचना चालू करा, ती घाईत जास्त उपयोगी पडते. सूर्य, दिव्याची वात, स्टीलच्या भांड्यावरची चमक जळाली तर जळू द्या. चेहरा आणि कपडे जळता कामा नयेत.

कळमन्याच्या बाजारात संत्र्यांचे ढीग टिपणार असाल तर लाल, हिरवा, निळा असे वेगवेगळे हिस्टोग्राम दाखवायची सोय वापरा. गडद केशरी रंगात लाल रंगाचा आलेख आधी उजव्या भिंतीला टेकतो. एकत्र आलेख ठीक दिसतो, पण सालीवरचे बारीक खड्डे नाहीसे होऊन संत्री प्लास्टिकसारखी गुळगुळीत दिसतात. −०.३ किंवा −०.७ ने साल परत येते.

९. नागपूरचं ऊन आणि पावसाळा

स्वच्छ उन्हासाठी मीटरशिवाय चालणारा एक हिशेब आहे: एफ १६, आणि शटर १ भागिले आयएसओ. आयएसओ १०० ला एफ १६ वर १/१००, म्हणजेच एफ ८ वर १/४००. मीटर काहीतरी भलतं सांगत असेल तर याच्याशी पडताळून बघा. दोन मारबतींना द्यायचे आकडेही हेच.

दुपारच्या उन्हात चेहऱ्यावर डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात. हे कुठल्याच सेटिंगने जात नाही. माणसाला कडुलिंबाच्या सावलीत घ्या किंवा सकाळी लवकर या. बंद गाडीत कॅमेरा ठेवू नका. जुलै-ऑगस्टमध्ये एसीच्या खोलीतून बाहेर आलात की लेन्सवर धुकं धरतं. बॅग बंद ठेवूनच वीस-तीस मिनिटं बाहेरच्या हवेशी जुळू द्या, लेन्स पुसत बसू नका.

१०. रात्रीचे दिवे

सीताबर्डीतली दुकानं किंवा नवरात्रातला मंडप टिपताना फोटोत आडवे पट्टे येतात, किंवा एक फोटो उजळ आणि पुढचा काळपट. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. शटर १/१०० किंवा १/५० ला ठेवा, बहुतेक पट्टे जातात. हेही ‘एस’ मोडवर करा. मोठे एलईडी स्क्रीन वेगळ्या गतीने लुकलुकतात, तिथे शटर थोडं पुढेमागे करून बघावं लागतं.

मेट्रो स्टेशनसारख्या ठिकाणी ट्रायपॉड उभा करण्याआधी सुरक्षारक्षकाला विचारा. सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, त्याच्या आसपासही हीच काळजी घ्या.

११. आता मॅन्युअल

उजेड तोच राहतो पण चौकटीतलं दृश्य बदलत राहतं, तिथे मॅन्युअल खरंच उपयोगी आहे. वसंतराव देशपांडे सभागृहातला गायनाचा कार्यक्रम घ्या. गायकावर प्रकाश, मागे काळा पडदा. ए मोडवर मीटर पडदा मोजतो आणि चेहरा जाळतो, आणि चौकट थोडी हलवली की आकडे पुन्हा बदलतात. इथे असं करा:

- मोड ‘एम’, ऑटो आयएसओ बंद. आयोजकांना विचारून फ्लॅश बंद.
- लेन्स जितकी उघडते तितकं अ‍ॅपर्चर, शटर १/१६०.
- आयएसओ १६०० ठेवून एक फोटो. चेहरा जळतोय का ते हायलाइट सूचनेत बघा.
- जळत असेल तर ८००, काळा असेल तर ३२००. चेहरा नीट आला की आकड्यांना हात लावू नका.
- प्रकाशयोजना बदलली की पुन्हा एक चाचणी. मॅन्युअलमध्ये कॅमेरा स्वतःहून काही सावरत नाही, आणि ऑटो आयएसओ बंद असेल तर कॉम्पेन्सेशनचं बटणही फोटो उजळ-काळा करणार नाही.

पौर्णिमेचा चंद्र हाही मॅन्युअलचाच विषय. तो उन्हात असलेला दगड आहे, म्हणून आकडे दिवसासारखेच लागतात: आयएसओ १००, एफ ११, १/१००. किट लेन्समध्ये तो लहानच दिसेल, पण पांढऱ्या गोळ्याऐवजी त्यावरचे डाग येतील. चंद्र क्षितिजाजवळ लालसर असेल तर उजेड कमी असतो, तेव्हा एक-दोन स्टॉप वाढवा.